लोकल कोणाच्या हद्दीत? मुंबईच्या रेल्वेप्रश्नांवर मंत्र्यांच्या उत्तरदायित्वाची पार्श्वभूमी

९ जून २०२५ च्या सकाळी दिवा आणि मुंब्रा या स्थानकांदरम्यानच्या वळणावर शेजारून जाणाऱ्या दोन भरगच्च लोकलच्या दारांत लटकलेले प्रवासी रुळांवर पडले आणि त्यांतल्या चौघांचा त्याच दिवशी मृत्यू झाला. मुंबईसाठी यापुढे तयार होणाऱ्या लोकलना आपोआप बंद होणारे दरवाजे असतील, असे रेल्वे मंडळाने काही तासांतच जाहीर केले. वास्तविक बंद दारांच्या ४७ वातानुकूलित लोकल २०१६ च्या आणि १९१ लोकल २०१९ च्या मंजूर प्रकल्पांत आधीच होत्या. अपघाताच्या दिवसापर्यंत त्यांची खरेदी झालेली नव्हती. मंजुरी आणि प्रत्यक्ष गाडी यांच्यात गेलेल्या या वर्षांचा जाब मुंबईकराने नेमका कोणाला विचारायचा, हा प्रश्न त्या दिवशी पुन्हा वर आला. त्याचे सरळ उत्तर का मिळत नाही, हे समजण्यासाठी बरेच मागे जावे लागते.

रेल्वे हा राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतील संघसूचीचा, म्हणजे केवळ केंद्राच्या अधिकारातला विषय आहे. मुंबईत रोज सुमारे ७५ लाख लोक लोकलने प्रवास करत असले, तरी गाड्या किती, कोठे आणि कशा धावतील हे दिल्लीत ठरते. पोलीस हा मात्र राज्याचा विषय असल्यामुळे रुळांवर झालेल्या प्रत्येक मृत्यूची नोंद लोहमार्ग पोलीस, म्हणजे राज्य सरकारची यंत्रणा करते. ज्याच्याकडे मृत्यूंची मोजदाद आहे त्याच्याकडे गाडी वाढवण्याचा अधिकार नाही, आणि ज्याच्याकडे अधिकार आहे तो मुंबईच्या विधानभवनात उत्तर द्यायला बांधील नाही. विधानसभेत लोकलच्या गर्दीवर आमदार कितीही तळमळीने बोलले, तरी विषय केंद्राचा आहे एवढ्या उत्तरावर राज्याच्या मंत्र्याला थांबता येते.

संसदेत जाब विचारण्याची साधने मात्र जुनी आणि सशक्त होती. ॲकवर्थ समितीच्या शिफारशीनंतर १९२४ मध्ये रेल्वेचा अर्थसंकल्प सर्वसाधारण अर्थसंकल्पापासून वेगळा झाला आणि पुढची नव्वदहून अधिक वर्षे एकट्या रेल्वेच्या जमाखर्चावर स्वतंत्र चर्चा होत राहिली. त्या चर्चेत खासदार कपात सूचना, म्हणजे मागितलेल्या रकमेत कपात सुचवून नापसंती नोंदवणारे प्रस्ताव, मांडत, आपल्या मतदारसंघातला फलाट किंवा पूल नावानिशी काढत आणि मंत्र्याला त्याची दखल घ्यावी लागे. मंत्र्याने सभागृहात दिलेली आश्वासने पाळली जातात का, हे पाहण्यासाठी लोकसभेची शासकीय आश्वासन समिती १९५३ पासून काम करते आणि आश्वासनपूर्तीसाठी तीन महिन्यांची मुदत गृहीत धरलेली आहे.

नैतिक जबाबदारीचा मापदंड त्याच दशकात ठरला. १९५६ मध्ये महबूबनगरजवळच्या अपघातानंतर रेल्वेमंत्री लालबहादूर शास्त्री यांनी राजीनामा देऊ केला, पण पंतप्रधान नेहरूंनी तो स्वीकारला नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तमिळनाडूतील अरियलूर येथे १४० हून अधिक प्रवासी मृत्युमुखी पडले, तेव्हा शास्त्रींनी तो पुन्हा दिला आणि या वेळी तो स्वीकारला गेला. अपघाताला शास्त्री व्यक्तिशः जबाबदार नाहीत, पण घटनात्मक औचित्य म्हणून राजीनामा योग्य आहे, ही नेहरूंची भूमिका होती. पुढे ऑगस्ट १९९९ मध्ये पश्चिम बंगालमधील गैसल येथील अपघातानंतर रेल्वेमंत्री नीतीश कुमार यांनी पद सोडले. ही दोन्ही उदाहरणे आदराने सांगितली जातात आणि ती तशी सांगावीतच. परंतु दोन्ही एकेका मोठ्या अपघाताची आहेत. मुंबईतले मृत्यू असे एका दिवशी, एका ठिकाणी होत नाहीत. अणुशास्त्रज्ञ अनिल काकोडकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २०१२ च्या अहवालात नोंदवले होते की, रूळ ओलांडताना देशभरात वर्षाला सुमारे १५ हजार माणसे मरतात आणि त्यांतली सुमारे सहा हजार एकट्या मुंबईच्या उपनगरी मार्गांवर मरतात. समितीने त्याला हत्याकांड म्हटले होते. रोज थोडी थोडी माणसे मारणाऱ्या हत्याकांडासाठी राजीनाम्याचा मापदंड कोणी घालून दिलेला नाही.

मुंबईने आपल्या परीने मंत्र्यांना हिशेब विचारला आहेच. १९६४ ते १९६७ या काळात रेल्वेमंत्री असलेले स. का. पाटील हे मुंबईचेच, तीनदा महापौर राहिलेले आणि अजिंक्य समजले जाणारे नेते होते. १९६७ च्या निवडणुकीत दक्षिण मुंबईने त्यांना घरी बसवून तरुण कामगार नेते जॉर्ज फर्नांडिस यांना निवडून दिले. त्या पराभवाचे कारण केवळ रेल्वे होती असे म्हणता येणार नाही, पण रेल्वेमंत्रिपद कोणाला वाचवत नाही हे तेव्हा दिसले. याच फर्नांडिसांनी १९७४ चा देशव्यापी रेल्वे संप घडवला, त्या संपात बडतर्फ झालेल्या कामगारांना १९७७ नंतर रेल्वेमंत्री मधू दंडवते यांनी पुन्हा कामावर घेतले आणि १९८९ मध्ये फर्नांडिस स्वतः रेल्वेमंत्री झाले. त्या वेळी दंडवते अर्थमंत्री होते. कोकणात रेल्वे न्यावी ही कित्येक पिढ्यांची मागणी याच दोघांच्या काळात मार्गी लागली. १९९० मध्ये कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झाले, रोख्यांतून पैसा उभा राहिला आणि जानेवारी १९९८ मध्ये पूर्ण मार्ग सुरू झाला. सह्याद्रीतून बोगदे काढत बांधलेला ७०० किलोमीटरहून लांब मार्ग साडेसात वर्षांत उभा राहू शकतो, ही गोष्ट पुढच्या एका तुलनेसाठी लक्षात ठेवावी लागेल.

उपनगरांत हे काम प्रवासी संघटनांनी केले. राम नाईक यांनी १९६४ मध्ये गोरेगाव प्रवासी संघ स्थापन केला, तेव्हा ते ना खासदार होते ना मंत्री. फलाटाची उंची, पाण्याचा नळ, गाडीचा थांबा अशा वरकरणी लहान मागण्या घेऊन अधिकाऱ्यांच्या दारी जाणाऱ्या अशा संघटना पुढे कल्याण, डोंबिवली, विरारपर्यंत उभ्या राहिल्या. नाईक १९९८ मध्ये रेल्वे राज्यमंत्री झाले आणि त्यांच्या कारकिर्दीत, जुलै १९९९ मध्ये, मुंबई रेल्वे विकास महामंडळ अस्तित्वात आले. त्यात रेल्वेचा वाटा ५१ टक्के आणि महाराष्ट्र शासनाचा ४९ टक्के. ही कल्पना योग्यच होती, कारण दिल्लीच्या यादीत मुंबईचा क्रमांक नेहमी खाली लागत असे आणि राज्याने पैसा घातल्याशिवाय तो वर येणार नव्हता.

पण या भागीदारीने जबाबदारीचेही वाटे पडले. काम रखडले की रेल्वे म्हणते, राज्याने जमीन दिली नाही, झोपड्या हटवल्या नाहीत किंवा आपला हिस्सा दिला नाही. राज्य म्हणते, रेल्वेने आराखडा बदलला किंवा मंजुरी अडवली. दोन्ही बाजू आपापल्या परीने खरे बोलत असू शकतात, पण प्रवाशाच्या हाती काही लागत नाही. रेल्वे आणि रस्ते सुधारण्यासाठी जागतिक बँकेच्या कर्जातून हाती घेतलेल्या मुंबई नागरी परिवहन प्रकल्पाच्या पहिल्या टप्प्यात रुळांकाठच्या हजारो कुटुंबांचे पुनर्वसन करावे लागले. त्यातील आणि रस्त्यांच्या कामांतील तक्रारी रहिवासी आणि दुकानदार यांनी थेट जागतिक बँकेच्या तपासणी मंडळाकडे नेल्या आणि मार्च २००६ मध्ये बँकेने काही कामांचा निधी तात्पुरता थांबवला. मंत्रालयात न हललेली फाइल वॉशिंग्टनमधून हलली, याची आपल्या लोकप्रतिनिधींना लाज वाटायला हवी होती.

याच प्रकल्पाच्या दुसऱ्या टप्प्यात, २००८ मध्ये, ठाणे ते दिवा पाचवी आणि सहावी मार्गिका मंजूर झाली. अंतर सुमारे नऊ किलोमीटर. या पट्ट्यात लोकल आणि लांब पल्ल्याच्या गाड्यांना तेच चार रूळ वाटून घ्यावे लागत होते, त्यामुळे कल्याणपलीकडच्या प्रत्येक प्रवाशाची वेळ त्यांवर अवलंबून होती. या मार्गिका फेब्रुवारी २०२२ मध्ये सुरू झाल्या. कोकण रेल्वेला जेवढा काळ लागला त्याच्या जवळपास दुप्पट काळ या नऊ किलोमीटरना लागला. खाडी, बोगदा, वस्ती ही कारणे खरी आहेत, पण या चौदा वर्षांत केंद्रात आणि राज्यात सरकारे बदलली, रेल्वेमंत्री तर कितीतरी झाले आणि त्यांपैकी कोणालाही या नऊ किलोमीटरसाठी पद सोडावे लागले नाही. त्याच वेळी मंजूर झालेली मुंबई ते कुर्ला ही पाचवी-सहावी मार्गिका तर तेव्हाही पूर्ण व्हायची होती. या प्रकल्पासाठी उपनगरी प्रवाशांच्या तिकिटावर आणि पासावर अधिभार घेतला गेला आहे, म्हणजे प्रवासी या कामाचा नुसता लाभार्थी नाही, तर त्याने त्यात स्वतःचे पैसे घातलेले आहेत.

मंत्री तत्परतेने हलतात तो विषय भाड्याचा. मार्च २०१२ मध्ये भाडेवाढ सुचवल्याबद्दल रेल्वेमंत्री दिनेश त्रिवेदी यांना त्यांच्याच पक्षाने पायउतार व्हायला लावले. २० जून २०१४ रोजी नव्या सरकारने भाडेवाढ जाहीर केली. तीत उपनगरी पासांच्या हिशेबाची पद्धतही बदलणार होती आणि पास जवळपास दुप्पट महागणार होता. विधानसभेची निवडणूक तोंडावर होती. महाराष्ट्रातील खासदार रेल्वेमंत्र्यांना भेटले आणि चौथ्या दिवशी उपनगरी प्रवाशांपुरता निर्णय मागे घेतला गेला. त्या दिलाशाचे मोल मी कमी लेखत नाही, पासावर घर चालणारी लाखो माणसे या शहरात आहेत. पण हेच खासदार, हाच एकजुटीचा दबाव जादा गाड्यांसाठी आणि मार्गिकांसाठी उभा राहिला असता तर काय झाले असते, हे त्या चार दिवसांनी दाखवून दिले.

हद्दीचा प्रश्न सर्वांत भीषण रूपात पुढे आला तो पुलांवर. २९ सप्टेंबर २०१७ रोजी, दसऱ्याच्या आदल्या दिवशी, एल्फिन्स्टन रोड आणि परळ या स्थानकांना जोडणाऱ्या अरुंद पादचारी पुलावर चेंगराचेंगरी होऊन २३ जणांचा जीव गेला. गिरण्यांच्या जागी कचेऱ्यांचे मनोरे उभे राहिले तेव्हा तिथे येणारी गर्दी कैक पटींनी वाढणार हे कोणालाही दिसत होते. पण मनोऱ्यांना परवानगी देणारे राज्य आणि महापालिका वेगळे, पूल बांधणारी रेल्वे वेगळी, आणि त्या पुलाचे एक टोक पश्चिम रेल्वेत तर दुसरे मध्य रेल्वेच्या स्थानकाकडे. नवा पूल हवा असे खासदारांनी रेल्वेमंत्र्यांना आधीच लिहिले होते आणि तो मंजूरही झाला होता. दुर्घटनेनंतर तो लष्कराकडून काही महिन्यांत बांधून घेण्यात आला. रेल्वेच्या चौकशीने पाऊस आणि गर्दी यांवर बोट ठेवले. जुलै २०१८ मध्ये अंधेरीच्या गोखले पुलाचा पदपथ रुळांवर कोसळला, तेव्हा देखभाल महापालिकेची की रेल्वेची यावर वाद झाला. मार्च २०१९ मध्ये छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसबाहेरचा पादचारी पूल पडला. तो महापालिकेचा निघाला आणि संरचना तपासणीत तो धोकादायक ठरलेलाच नव्हता.

याच काळात दाद मागण्याची जुनी साधने कमकुवत झाली. २०१७ पासून रेल्वेचा स्वतंत्र अर्थसंकल्प बंद झाला. प्रकल्पवार तरतुदींचे पुस्तक निघते, पण मंत्र्याला उभे राहून एकेका मार्गाचा हिशेब द्यावा लागे तो दिवस गेला. महापालिकेत मार्च २०२२ नंतर जवळपास चार वर्षे निवडून आलेले नगरसेवकच नव्हते, त्यामुळे पुलाच्या खड्ड्याबद्दल विचारायला प्रभागात माणूस उरला नाही. मेट्रो तीनच्या कारशेडची, म्हणजे गाड्या उभ्या करण्याच्या आगाराची जागा सरकारागणिक आरे, कांजूरमार्ग आणि पुन्हा आरे अशी फिरली. या फेऱ्यांचा राजकीय हिशेब कोणी मांडला नाही, खर्च मात्र २३ हजार कोटींवरून ३७ हजार कोटींवर गेला, त्याची कारणे कारशेडबरोबर इतरही होती.

पोकळी भरून काढली ती माहितीच्या अधिकाराने आणि न्यायालयाने. लोहमार्ग पोलिसांकडून अर्ज करून मिळवलेले आकडे नसते, तर २०२३ या एका वर्षात मुंबईच्या रुळांवर २,५९० मृत्यू झाले हे बहुतेकांना कळलेही नसते. जून २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका जनहित याचिकेवर सुनावणी करताना माणसांना गुराढोरांसारखे कोंबून नेले जाते याबद्दल लाज वाटत असल्याचे बोलून दाखवले आणि मध्य आणि पश्चिम या दोन्ही रेल्वेंच्या महाव्यवस्थापकांना लक्ष घालण्यास सांगितले. लक्षात घेण्यासारखी गोष्ट म्हणजे प्रतिज्ञापत्र अधिकाऱ्यांनी करायचे होते. न्यायालयासमोर मंत्री येत नाही, तो संसदेसमोर येतो, आणि तिथले प्रश्न खासदारानेच विचारायचे असतात.

मुंब्र्याच्या अपघाताचा पुढचा अध्यायही हद्दीचाच आहे. नोव्हेंबर २०२५ च्या सुरुवातीला लोहमार्ग पोलिसांनी रुळांच्या देखभालीतील हलगर्जीवरून मध्य रेल्वेच्या अभियंत्यांविरुद्ध गुन्हा नोंदवला. म्हणजे राज्याच्या पोलिसांनी केंद्राच्या कर्मचाऱ्यांना धरले. त्याच्या निषेधार्थ ६ नोव्हेंबरला ऐन सायंकाळी कर्मचाऱ्यांनी आंदोलन केले, लोकल थांबल्या आणि गाड्यांतून उतरून रुळांवरून चालत निघालेल्या प्रवाशांना दुसऱ्या गाडीची धडक बसून पुन्हा माणसे मेली. गुन्हा अभियंत्यांवर, संप कर्मचाऱ्यांचा, मृत्यू प्रवाशांचे. २०१६ आणि २०१९ मध्ये मंजूर झालेल्या बंद दारांच्या त्या २३८ गाड्या वेळेवर का आल्या नाहीत, हा प्रश्न कोणत्याही पोलीस ठाण्याच्या हद्दीत बसत नाही. तो लोकसभेत तारांकित, म्हणजे मंत्र्याने सभागृहात तोंडी उत्तर द्यायचा, प्रश्न म्हणून विचारता येतो, मुंबई आणि ठाण्याच्या प्रत्येक खासदाराला विचारता येतो, आणि त्यावर मंत्र्याने आश्वासन दिले तर तीन महिन्यांची ती मुदत अजून नियमांत आहे.