बैलाचा खोडा आणि पिंजऱ्यातला राघू

विदर्भात तालुक्याच्या गावी गुरांचा दवाखाना शोधायचा असेल तर पाटी वाचत फिरू नका, लोखंडी खोडा शोधा. चार जाड खांब, आडवे पाइप, समोर मान अडकवायला जागा. बैल आत घालायचा, मागून दांडा सरकवायचा, मग सुई. माप सगळं बैलाचं. वर्धा जिल्ह्यातल्या अशाच एका खोड्याच्या पाइपला बांधलेला लॅब्राडोर मी पाहिला. त्याच्यामागे पिशवीत कोंबडी घेतलेली बाई, तिच्यामागे पिंजऱ्यात पोपट घेऊन आलेला शाळकरी पोरगा. ड्रेसरने, म्हणजे दवाखान्यातल्या मलमपट्टी करणाऱ्या मदतनिसाने, पिंजऱ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "राघूले काय करू बाप्पा मी? हा ढोराचा दवाखाना हाय."

माणूस खरं तेच बोलला. तो दवाखाना खरोखरच ढोरांसाठी उभा राहिला. कुत्रं, मांजर, ससा, पोपट त्यात नंतर मागच्या दाराने शिरले. आज पाळीव प्राण्यांच्या औषधपाण्यात खेड्यांत जे घोळ होतात, त्यातले बरेचसे या इतिहासातून आलेत.

सुरुवात बुळकांडीपासून करावी लागते. एकोणिसाव्या शतकात या रोगाने गोठेच्या गोठे रिकामे केले. बैल मेला की नांगर थांबला, नांगर थांबला की शेतसारा थांबला, म्हणून इंग्रज सरकार जागं झालं. गुरांच्या साथींवर नेमलेल्या आयोगाचा अहवाल 1871 साली आला. 1886 साली मुंबईत परळला पशुवैद्यकीय महाविद्यालय निघालं. 1889 साली पुण्यात जिवाणूशास्त्राची सरकारी प्रयोगशाळा सुरू झाली आणि चार वर्षांत ती हिमालयात मुक्तेश्वरला हलली. याच मुक्तेश्वरला पुढे एडवर्ड्स नावाच्या शास्त्रज्ञाने बुळकांडीचा विषाणू बकऱ्यांतून फिरवून सौम्य केला आणि त्याची लस झाली. 1954 पासून देशभर लसीकरणाची मोहीम चालली. 2006 साली भारत आणि 2011 साली सगळं जग बुळकांडीमुक्त जाहीर झालं. देवीनंतर माणसाने पृथ्वीवरून पुसलेला हा दुसरा रोग, पण गावात याचा सत्कार कोणी केल्याचं मला आठवत नाही.

म्हणजे सरकारी पशुवैद्यकाचं पहिलं काम साथ रोखणं. बुळकांडी, घटसर्प, फऱ्या, फाशी, लाळ्या खुरकूत हे त्याचे शत्रू. एकेका जनावराला बरं करणं दुय्यम आणि घरात पाळलेल्या जनावराचा तर विचारच नाही. आर्वी, आष्टी, कारंजा भागात गवळाऊसारखी पांढरी, चपळ जात जिथे जपली गेली, तिथे दुसरं काही सुचणंही कठीण होतं.

शिक्षणाची गोष्ट वेगळीच गमतीची. नागपूर ही मध्य प्रांत आणि वऱ्हाडाची राजधानी, पण प्रांताचं पशुवैद्यकीय महाविद्यालय 1948 साली निघालं जबलपूरला. 1956 साली राज्यं पुन्हा आखली गेली, विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि महाविद्यालय तिकडेच राहिलं. 1958 साली नागपूरला स्वतःचं निघालं. 2000 साली पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठही नागपुरात आलं. तेव्हा विदर्भात जनावरांचे डॉक्टर घडत नाहीत असं कोणी म्हणू शकणार नाही. ते घडतात. खेड्यात किती राहतात, हा निराळा प्रश्न.

1962 साली जिल्हा परिषदा आल्या आणि बरेचसे दवाखाने त्यांच्याकडे गेले. श्रेणी एकला पदवीधर डॉक्टर, श्रेणी दोनला पदविका झालेला पशुधन पर्यवेक्षक. 1984 च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्याने उपचाराचा अधिकार नोंदणीकृत पदवीधरालाच दिला. पर्यवेक्षकाने त्याच्या देखरेखीखाली किरकोळ सेवा द्यायची. कागद असा आहे. गावात मात्र मोटरसायकलवर बॅग लावून येतो तो डॉक्टर, मग त्याच्याकडे कागद कोणता का असेना. माझं त्यांच्याशी भांडण नाही, रात्री दोन वाजता अडलेली गाय त्यांनीच सोडवली आहे. पण चारशे किलोच्या बैलावर बसलेला हात जेव्हा दोन किलोच्या मांजरीकडे वळतो, तेव्हा धोका सुरू होतो.

मांजरीवरून आठवलं. आमच्या घरी मनीला ताप आला म्हणून काकाने माणसाची तापाची अर्धी गोळी दुधात घोळून दिली. प्रेमानेच दिली. दुसऱ्या दिवशी तिचं तोंड सुजलं, हिरड्या मातकट झाल्या आणि ती गेली. पॅरासिटामॉल पचवून बाहेर टाकायची सोय मांजराच्या यकृतात जवळजवळ नसते, हे आम्हाला फार उशिरा कळलं. आयब्युप्रोफेन कुत्र्याच्या पोटाला आणि मूत्रपिंडाला घातक. सशाला तोंडाने अमॉक्सिसिलिन दिलं तर आतड्यातले कामाचे जिवाणू मरतात आणि ससाही. ढोरांना सर्रास टोचलं जाणारं प्रोकेन पेनिसिलिन लहान पाखराला मारू शकतं. पोपटाचं वजन सव्वाशे ग्रॅमच्या आसपास, बजरीगरचं तीस-चाळीस. तिथे "थोडंसं" हे माप चालत नाही.

औषध पाजायची पद्धतही बैलाचीच उतरली. आपल्याकडे बैलाची मान वर धरून बांबूच्या नळीने काढा पाजत. बैलालासुद्धा त्यात ठसका लागतो. कुत्र्याच्या पिलाला तसं पाजलं तर औषध थेट फुफ्फुसात. मान सरळ ठेवून, गालाच्या कडेने, थेंब थेंब पाजायचं.

गोचिडांचं तसंच. पऱ्हाटीच्या फवारणीतलं उरलेलं औषध पाण्यात टाकून कुत्र्याला आंघोळ घालणारी घरं मी पाहिली आहेत. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसवर माणसं गेली. त्या द्रावणात बुडवलेलं कुत्रं अंग चाटणार, हे कोणाच्या ध्यानात येत नाही. कुत्र्यासाठीचं गोचिडांचं औषधही मांजरीला लावू नये, त्यात परमेथ्रिन असेल तर झटके येऊन मरते. फिप्रोनिल हे गोचिडांचं दुसरं औषध सशाला नको.

आता कुत्रं. पाळीव जनावरांपैकी सरकारी यंत्रणेने सर्वांत आधी दखल घेतली ती कुत्र्याची, पण लाडापायी नाही, भीतीपायी. पाश्चरने 1885 साली रेबीजची लस माणसाला दिली. 1900 साली कसौलीला पाश्चर इन्स्टिट्यूट निघाली आणि पिसाळलेलं कुत्रं चावलेली माणसं देशभरातून आगगाडीने तिकडे जाऊ लागली. 1907 साली कुन्नूरला दुसरी संस्था झाली. कसौलीलाच सेम्पल यांनी 1911 साली मेंढीच्या मेंदूतून लस तयार केली आणि पुढे तीच गावोगावच्या दवाखान्यांत पोहोचली. "पोटात चौदा इंजेक्शनं" ही आपल्या लहानपणीची धमकी या लसीची. दुखायचं ते वेगळं, क्वचित लकवाही व्हायचा. म्हणून लोक दवाखाना चुकवत आणि जखमेवर तिखट, चुना, हळद भरत. भारतात ती लस 2004 च्या अखेरीस बंद झाली. आता दंडात दिली जाते, सरकारी दवाखान्यात बहुधा त्वचेत, 0, 3, 7 आणि 28 व्या दिवशी. लस बदलून वीस वर्षं झाली तरी चौदा सुयांची भीती गेलेली नाही, आणि तिखट-चुना तर नाहीच नाही.

चावल्यावर पहिलं काम घरचंच आहे: नळाखाली साबण लावून पंधरा मिनिटं जखम धुणं. पंधरा म्हणजे घड्याळ लावून पंधरा. मग दवाखाना. जखम खोल असेल, रक्त आलं असेल, तर लसीसोबत जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही, म्हणजे तयार प्रतिपिंडंही, लागतात. कुत्रं दहा दिवस जगतं का ते पाहू आणि मग सुई घेऊ, असं करायचं नाही. सुई सुरू करायची आणि मग कुत्र्यावर नजर ठेवायची. लक्षणं दिसल्यावर रेबीजचा रुग्ण वाचणं जवळजवळ अशक्य. जगातल्या रेबीज मृत्यूंपैकी सुमारे एक तृतीयांश भारतात होतात असं जागतिक आरोग्य संघटना सांगते.

शेतकऱ्यासाठी आणखी एक गोष्ट, जी पाळीव प्राण्यांच्या सल्ल्यात कधी नसते. पिसाळलेला बैल चावेलच असं नाही. त्याला गिळता येत नाही, लाळ गळते, आवाज घोगरा होतो. घरच्यांना वाटतं घशात काही अडकलं, आणि कोणीतरी बाही वर सारून तोंडात हात घालतं. लाळ आणि हातावरचा ओरखडा, एवढं पुरेसं असतं. अशा ढोराच्या तोंडात हात घालायचा नाही. घातला गेलाच असेल तर धुवायचा आणि लस घ्यायची.

घरच्या कुत्र्याला तीन महिन्यांचं झाल्यावर रेबीजची लस, एक पुनरावृत्ती, मग दरवर्षी. गावठी असो वा लॅब्राडोर. पार्वो हा मात्र नवा पाहुणा, 1978 च्या सुमारास जगात दिसला. रक्ताची हगवण लागून पिलं दोन-तीन दिवसांत जातात. गावात अजून "नजर लागली" म्हणतात.

गावातली कुत्री वाढली कशी, याच्या उत्तराचा एक धागा पुन्हा ढोराच्या औषधाशी जाऊन मिळतो. पूर्वी मेलेलं ढोर गावाबाहेर टाकलं की गिधाडं दोन तासांत हाडं उरवायची. नव्वदीच्या दशकात डायक्लोफेनॅक हे दुखण्यावरचं औषध स्वस्त झालं, लंगड्या बैलापासून तापलेल्या गाईपर्यंत सगळ्यांना टोचलं जाऊ लागलं. ते ढोर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं की त्यांची मूत्रपिंडं निकामी. पांढऱ्या पाठीची गिधाडं 1992 ते 2007 या पंधरा वर्षांत 99 टक्क्यांहून अधिक घटली. कारण 2004 साली सिद्ध झालं, जनावरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर 2006 साली बंदी आली. पण माणसांची मोठी बाटली ढोराला टोचणं चालूच राहिलं, म्हणून 2015 साली माणसांची बाटलीही 3 मिलिलिटरवर आणावी लागली. 2023 साली किटोप्रोफेन आणि असिक्लोफेनॅक ही दुखण्यावरची औषधंही जनावरांसाठी बंद. मेलॉक्सिकॅम गिधाडांना चालतं, तेच मागायचं. दरम्यान मेलेल्या ढोरावर कुत्र्यांची टोळी बसली ती अजून बसलीच आहे. जंगलाकाठच्या गावात हीच कुत्री डिस्टेंपरसारखे रोग वाघ-बिबट्यापर्यंत नेऊ शकतात, त्यामुळे ताडोबा किंवा पेंचच्या कडेला कुत्र्याला लस देणं हा घरापुरता प्रश्न राहत नाही.

2022 साली लंपी ही गुरांच्या अंगावर गाठी आणणारी साथ आली तेव्हा दवाखाने पुन्हा शंभर टक्के ढोरांचे झाले. सगळी मंडळी गोठ्यागोठ्यांत शेळीच्या देवीची लस टोचत फिरत होती. बुळकांडीच्या बकरीनंतर पुन्हा शेळीच कामी आली, हा योगायोग मला फार आवडतो.

आणि पिंजऱ्यातला राघू? त्या पोराला डॉक्टरांनी पोपट तपासून दिला, पण दबक्या आवाजात. आपला राघू वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 खाली येतो. 2022 च्या दुरुस्तीनंतर तो दुसऱ्या अनुसूचीत आहे. पकडणं, विकणं, पाळणं, तिन्ही गुन्हे. आजीने पन्नास वर्षं पिंजरा टांगला असेल, तरी. उलट बजरीगर, कॉकॅटिल किंवा गुलाबी तोंडाचा लव्हबर्ड परदेशी. यांना धोक्यातल्या जिवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय यादीतूनही सूट आहे, ते पाळायला हरकत नाही. घरचा चोर आणि बाहेरचा पाहुणा, असा हा मामला. आफ्रिकन ग्रे, मकाव, इग्वाना यांच्यासारख्या यादीतल्या परदेशी जिवांचं मात्र वेगळं. 2020 साली केंद्राने ते स्वतःहून जाहीर करायची संधी दिली, दुरुस्ती 1 एप्रिल 2023 पासून लागू झाली आणि 2024 च्या नियमांनी नोंदणी सक्तीची केली. जन्म, मृत्यू, हस्तांतर, सगळं वन विभागाला कळवायचं. पिंजऱ्यासोबत कागद नसेल तर घेऊ नये. इथे तर त्याला हात लावणारा डॉक्टरही नागपूरशिवाय मिळणं कठीण.

राघू घरात असलेल्यांनी अंगणात पिंजरा उघडून पुण्य मिळवू नये. पंख कापलेला, डाळ-मिरची आणि चहातल्या बिस्किटावर वाढलेला पोपट बाहेर दोन दिवस टिकत नाही. तो वन विभागाकडे द्यावा. नुसत्या दाण्यावर ठेवलेल्या कोणत्याही पोपटाला अ जीवनसत्त्व कमी पडतं, डोळे-नाक चिकटतात. पालक, गाजर, पिकलेली पपई द्यावी. उन्हाळ्यात पिंजरा टिनाखाली नको. चंद्रपूरचा मे पंचेचाळीस अंश पार करतो, चोच उघडून धापा टाकणाऱ्या पाखराला "बोलतोय" समजू नये. पाण्यातलं लाल कानाचं परदेशी कासव जत्रेत रुपयाच्या नाण्याएवढं मिळतं. त्याच्या अंगावर साल्मोनेला हा जुलाब लावणारा जिवाणू असतो. अमेरिकेत याच कारणाने 1975 साली चार इंचांहून लहान कासवांची विक्री बंद झाली. आपल्याकडे पोरं ते हातात घेऊन त्याच हाताने पेढा खातात.

जखमी रानजीव सापडला तर मात्र खोड्याकडे नेऊ नये. वन विभागाचा नंबर 1926, फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा 1962. घाईत हे आकडे उलटे होतात आणि घोरपडीसाठी गाईची गाडी येते, असं आमच्याकडे एकदा झालंय. नागपुरात सेमिनरी हिल्सवर वन विभागाचं उपचार केंद्र आहे, गोरेवाड्याला बचाव केंद्र. पण सिरोंच्याहून नागपूर म्हणजे अख्खा दिवस. तोवर खोक्यात अंधार ठेवायचा, खोक्याला भोकं पाडायची, दूध पाजायचं नाही आणि मोबाइलवर फोटो काढायला गर्दी होऊ द्यायची नाही.