कमवा आणि शिका: विदर्भातली मुळं

तालुक्याच्या कॉलेजात ‘कमवा आणि शिका’ योजनेतल्या मुलांची यादी लागते, तेव्हा प्रवेशांची गर्दी ओसरलेली असते आणि शेतात निंदण सुरू असतं. ग्रंथालय, बगीचा, कार्यालय, प्रयोगशाळा अशी कामं वाटून दिली जातात. तासामागे ठरलेलं मानधन, हजेरीपत्रकावर सही, महिनाअखेर बिल. ज्याच्या घरी दोन-तीन एकर कोरडवाहू कपाशी-तूर आहे, त्या पोराचा एसटीचा पास आणि परीक्षेची फी यातून निघते. ही गरज खरी आहे आणि तिच्यासाठी ही योजना टिकलीच पाहिजे. पण वर्ष संपताना ग्रंथालयात काम केलेल्या एखाद्या मुलीला ‘काय शिकलीस?’ म्हणून विचारलं, तर उत्तर येतं, “काही नाही जी, पुस्तकं लावली.” वर्षभरात तिला हे कुणी विचारलेलंच नसतं.

या योजनेचा इतिहास सांगताना आपण साताऱ्यापासून सुरुवात करतो, आणि ते बरोबरच आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये काले इथे रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू केलं आणि १९४७ मध्ये छत्रपती शिवाजी कॉलेज. गरिबाच्या मुलाने श्रम करावेत आणि त्या बळावर शिकावं, हा मार्ग महाराष्ट्राला त्यांनी दाखवला. मात्र श्रमातून नेमकं काय शिकायचं आणि ते कुणी, कसं शिकवायचं, याचा बारकाईने विचार झाला तो वर्ध्यात.

ऑक्टोबर १९३७ मध्ये गांधीजींच्या अध्यक्षतेखाली तिथे शिक्षण परिषद भरली. हस्तोद्योगातून शिकवण्याच्या ‘बुनियादी शिक्षणा’च्या योजनेचा अहवाल डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीने डिसेंबरात दिला आणि १९३८ च्या हरिपुरा काँग्रेसने ती उचलून धरली. सेवाग्रामला, म्हणजे तेव्हाच्या शेगावला, ही योजना चालवणाऱ्या हिंदुस्तानी तालिमी संघाचं काम उभं राहिलं. आर्यनायकम आणि आशादेवी या दांपत्याने ते वाढवलं.

समितीच्या वेळापत्रकात साडेपाच तासांच्या शाळेतले ३ तास २० मिनिटे हस्तोद्योगाला दिलेली होती. हा आकडा पाहून अनेकांना वाटलं, आणि अजूनही वाटतं, की ही मुलांकडून सूत कातून घेण्याची योजना होती. पण तिचा गाभा होता समवाय. काम आणि विषय यांची गाठ शिक्षकाने कामाच्या जागीच घालून द्यायची. टकळीवर सूत काढणाऱ्या मुलाला सुताचा अंक काढायचा असतो. एका पौंडात ८४० यार्डांच्या जितक्या लडी बसतील, तो अंक. इथे गुणाकार-भागाकार आला, वजन-माप आलं. कापूस कोणत्या जमिनीत चांगला येतो म्हटलं की काळी माती आणि पाऊस आला. वऱ्हाडचा कापूस गाठी बांधून परदेशी का जात होता, हे विचारलं की रेल्वे, मँचेस्टर आणि इंग्रजांचा व्यापार आला.

आज सर्वांत जास्त आठवावा तो या अहवालातला इशारा. अर्थकारणावर भर पडून शिक्षण आणि संस्कार मागे पडण्याचा धोका या योजनेत आहे, शिक्षक मुलांकडून जास्तीत जास्त काम काढून घेण्यातच गुंततील, असं समितीने स्वतःच लिहून ठेवलं होतं. आपल्या योजनेची दुखरी नस मांडणाऱ्यांनीच दाखवावी, हा प्रामाणिकपणा मला फार मोलाचा वाटतो.

पुढे तसंच झालं. १९३९ मध्ये प्रांतांतली काँग्रेस मंत्रिमंडळं पायउतार झाली, १९४२ मध्ये कार्यकर्ते तुरुंगात गेले. स्वातंत्र्यानंतर बुनियादी शाळा वाढल्या, पण समवाय जमणारे शिक्षक तितके तयार झाले नाहीत. कोठारी आयोगाने (१९६४-६६) ‘कार्यानुभव’ आणला, ईश्वरभाई पटेल समितीने १९७७ मध्ये ‘समाजोपयोगी उत्पादक कार्य’. आमच्या पिढीला त्यातून आठवतो तो कार्यानुभवाचा तास: खडू, कागदी फुलं, आणि शेवटी वहीवर सही.

ही योजना न रुजण्याला आणखी एक कारण आहे आणि ते टाळून विदर्भाचा इतिहास सांगता येणार नाही. ज्यांच्या पिढ्यानपिढ्या झाडू, टोपली आणि सालदारकीत गेल्या, त्यांनी मुलांना शाळेत घातलं ते यातून सुटण्यासाठी. डॉ. बाबासाहेबांच्या चळवळीने नागपूर-अमरावतीच्या गावागावांत ही जिद्द पेरली होती. पंजाबराव देशमुखांनी अमरावतीत श्रद्धानंद छात्रालय चालवलं, श्री शिवाजी शिक्षण संस्था उभी केली, ती बहुजनांच्या मुलांपर्यंत उच्च शिक्षण न्यायला. अशा घरातल्या बापाला ‘श्रमाची प्रतिष्ठा’ ऐकून शंका यावी, यात नवल नाही. म्हणून आजही कुणाच्या हाती बागेतलं फावडं दिलं आणि कुणाला संगणकावर बसवलं, ही यादी प्राचार्यांनी एकदा नीट वाचावी. सहा महिन्यांनी कामं आलटून-पालटून देणं ही इथे सोय म्हणून बघू नये, तो न्यायाचा भाग आहे.

वरोऱ्याला बाबा आमटे यांनी आनंदवनात १९६० च्या दशकात कॉलेज काढलं. समाजाने टाकलेल्या कुष्ठमुक्तांच्या श्रमातून ते उभं राहिलं आणि आजूबाजूच्या गावांतली मुलं तिथे शिकायला आली. बाबांच्याच सोमनाथच्या श्रमछावणीत शहरी तरुणांनी कुदळ धरली. त्याचं मोल मोठं, पण ते शिबिराचं शिक्षण. रोज दोन तास ग्रंथालयात बसणाऱ्या मुलीचा प्रश्न त्याने सुटत नाही.

त्या प्रश्नावर अमेरिकेत एक साधी तोड निघाली. तिथे विद्यार्थ्यांच्या कॅम्पसवरच्या कामाला १९६४ च्या कायद्यापासून सरकारी पैसा मिळतो. आयोवा विद्यापीठाने, तो मक्याचा मुलूख, २००९ मध्ये ‘आयोवा ग्रो’ नावाचा उपक्रम सुरू केला. काम पाहणाऱ्या माणसाने सत्रात एक-दोनदा विद्यार्थ्याशी थोडा वेळ बोलायचं. काम आणि अभ्यास यांचा मेळ बसतोय का? इथलं काय वर्गात उपयोगी पडलं? वर्गातलं काय इथे वापरलं? पुढच्या व्यवसायात यातलं काय कामी येईल? नवं काम नाही, जादा खर्चही जवळजवळ नाही. तालिमी संघाचा माणूस याला समवायच म्हणाला असता.

आपल्या ग्रंथालयात हे कसं होईल? पुस्तकांना विषयानुसार आकडे देणाऱ्या ड्यूई वर्गीकरणात कापसाचं पीक ६३३.५१ वर, शेतीच्या कपाटात. कापसाचं सूत आणि कापड मात्र ६७७ वर, दुसऱ्याच रॅकमध्ये. जिच्या घरी कपाशी आहे तिला ग्रंथपालांनी इतकंच विचारावं: तुझ्या बाबांचा कापूस या रॅकमधून त्या रॅकपर्यंत जाताना मधे कोण कोण भेटतं? जिनिंग, सरकी, गाठी, व्यापारी, गिरणी, प्रत्येकाची पुस्तकं तिला शोधावी लागतील. अर्थशास्त्राची असेल तर तिचा एक प्रकल्प तिथेच उभा राहतो, आणि पुस्तकं लावणंही चुकत नाही, कारण आकडे का तसे आहेत हे तिला कळलेलं असतं.

नव्या शैक्षणिक धोरणाने पदवीच्या आराखड्यात ऑन जॉब ट्रेनिंग आणि क्षेत्र प्रकल्पाला श्रेयांक (क्रेडिट) दिले आहेत. जिथे कारखाना नाही, बँकेची एकच शाखा आहे, अशा तालुक्यात मुलांना ट्रेनिंगला पाठवायचं कुठे, हा प्राध्यापकांचा खरा पेच आहे. त्याच कॉलेजात ‘कमवा आणि शिका’ची मुलं वर्षभर हिशेब लिहितात, रोपवाटिका सांभाळतात, शिष्यवृत्तीचे अर्ज भरून देतात. देखरेख करणाऱ्याने प्रश्न विचारले, मुलाने कामाची नोंदवही लिहिली आणि विषयशिक्षकाने ती तपासली, तर या कामाला श्रेयांक का मिळू नयेत, हे अभ्यास मंडळांपुढे मांडायला हवं. शिवाय कामाचे तास ठरवताना वेचणीचे दिवस लक्षात घ्यावेत. दिवाळीच्या आगेमागे निम्मी मुलं शेतात असतात, आणि आजच्या पद्धतीत गैरहजर म्हणून त्यांचंच नाव यादीतून आधी कटतं.