औषध वाहणारा नॅनोकण आणि स्वतःच तापणारा नॅनोकण

‘लेझर आणि नॅनोकणांनी कॅन्सरचा खात्मा’ अशा बातमीखाली बहुधा दोन वेगळ्या उपचारांची सरमिसळ झालेली असते. एक फोटोडायनॅमिक थेरपी, म्हणजे पीडीटी; दुसरी फोटोथर्मल, म्हणजे पीटीटी. प्रकाश दोन्हींत आहे, पण पेशी मरते ती निरनिराळ्या कारणांनी.

पीडीटीत पेशी भाजून मरत नाही. फोटोफ्रिनसारखं औषध शिरेतून देतात, चाळीस-पन्नास तास थांबतात आणि मग गाठीवर ६३० नॅनोमीटर तरंगलांबीचा लाल प्रकाश सोडतात. औषध ती ऊर्जा जवळच्या ऑक्सिजनला देतं आणि चवताळलेला ऑक्सिजन पेशीची आवरणं, प्रथिनं, जे सापडेल ते मोडतो. त्याची धाव मात्र पेशीच्या रुंदीइतकीही नसते, म्हणून औषध नेमक्या जागी पोचायला हवं. घोडं इथेच पेंड खातं. यांतली बरीच औषधं पाण्यात नीट विरघळत नाहीत, त्यांचे गठ्ठे होतात आणि गठ्ठ्यातल्या औषधावर प्रकाश पडूनही फारसं काही घडत नाही. शिवाय फोटोफ्रिन त्वचेत रेंगाळतं. रुग्णाला किमान ३० दिवस उन्हापासून जपावं लागतं.

नॅनोवाहक, म्हणजे औषध वाहून नेणारा अतिसूक्ष्म कण, लागतो तो यासाठी. लिपोसोम या मेदाच्या सूक्ष्म पिशवीत औषध सुटं राहतं आणि गाठीच्या झिरपत्या रक्तवाहिन्यांतून आत शिरू शकतं. (उंदरांत हे जितकं छान जमतं, तितकं माणसांत जमत नाही, हे बातमीत क्वचितच येतं.) व्हर्टेपॉर्फिन हे औषध लिपोसोममधूनच देतात, पण ते डोळ्याच्या पडद्याच्या विकारावर.

पीटीटीत कण हमाल नसतो, तोच हत्यार असतो. अमेरिकेतल्या राईस विद्यापीठात घडलेल्या कणात आत सिलिका, वर सोन्याचा पातळ थर; आकार साधारण १५० नॅनोमीटर. अवरक्त लेझर पडला की तो तापतो आणि भोवतालच्या पेशी मरतात. ऑक्सिजनची गरज नाही, त्यामुळे ऑक्सिजन कमी असलेल्या गाठीतही, जिथे पीडीटी अडते, हा मार्ग खुला राहतो. प्रोस्टेट कॅन्सरच्या १६ रुग्णांवरच्या चाचणीचे निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले.

अडचण सोन्याची: ते यकृतात, प्लीहेत साचून राहतं. आयआयटी मुंबई आणि खारघरच्या ॲक्ट्रेक या टाटा मेमोरियलच्या कॅन्सर संशोधन केंद्रातल्या संशोधकांनी लिपोसोमवरच सोनं चढवलं; उंदरांत काम झाल्यावर हे कण विघटित होऊन शरीराबाहेर पडू शकतात, असं २०१५ मध्ये दाखवलं. पिशवी लिपोसोमची, उपचार पीटीटीचा; तेव्हा ‘लिपोसोम’ दिसलं की पीडीटी, हा हिशेब चुकतो.