बाल-कुमार सॉफ्टबॉल व बेसबॉल प्रशिक्षण (नागपूर)

वाढत्या वयातील मुलामुलींना सॉफ्टबॉल किंवा बेसबॉल शिकवताना कौशल्य, ताकद आणि विश्रांती यांचा मेळ घालण्याची पद्धत. नागपुरात हे खेळ मुख्यतः शाळा, महाविद्यालये आणि क्रीडा मंडळांच्या मैदानांवर शिकवले जातात. शालेय स्पर्धा १४, १७ आणि १९ वर्षांखालील गटांत होतात आणि बहुतेक मुलांची या खेळांशी ओळख तिथेच होते.

दोन्ही खेळ सख्खे असले तरी शरीरावर त्यांचा ताण वेगळा पडतो. बेसबॉलचा पिचर, म्हणजे फलंदाजाकडे चेंडू टाकणारा खेळाडू, उंचवट्यावरून, १८.४४ मीटर अंतरावर, खांद्यावरून हात फिरवून चेंडू टाकतो. सॉफ्टबॉलमध्ये जमीन सपाट असते, महिलांसाठी अंतर १३.११ मीटर असते आणि हात खालून, पूर्ण वर्तुळात फिरतो. सॉफ्टबॉलचा चेंडू नावाप्रमाणे मऊ नाही. १२ इंच घेराचा हा चेंडू बेसबॉलच्या चेंडूपेक्षा मोठा आणि जड असतो. खालून टाकलेल्या चेंडूने हात दुखावत नाही, हा समज मैदानावर सर्रास ऐकू येतो आणि तो घातक आहे. वेगवान सॉफ्टबॉल पिचिंगमध्ये खांद्याच्या पुढच्या भागावर आणि दंडाच्या स्नायूच्या कंडरेवर (स्नायू हाडाला जोडणाऱ्या पट्ट्यावर) मोठा ताण येतो. एकाच मुलीला लागोपाठच्या सामन्यांत पिचिंग करायला लावण्यामागे बहुधा हाच समज असतो.

मुलांच्या हाडांच्या टोकांशी वाढीच्या कूर्चा असतात, म्हणजे हाड जिथून वाढते ते मऊ थर. त्या कंडरांपेक्षा आणि हाडे एकमेकांना जोडणाऱ्या अस्थिबंधांपेक्षा कच्च्या असतात, म्हणून मोठ्या खेळाडूचा अस्थिबंध ताणला जाईल अशा ठिकाणी मुलाची कूर्चा दुखावते. कोपराच्या आतल्या बाजूला किंवा खांद्याजवळ होणारी ही दुखापत अचानक होत नाही, साठत जाते. ‘सर, खांदा दुखून राहिला’ असे मूल सांगते तेव्हा ते बरेच दिवस दुखणे अंगावर काढून झालेले असते. त्याआधीच्या खुणा जाणत्या प्रशिक्षकाला दिसतात: कोपर खांद्याच्या रेषेखाली घसरते, चेंडू वर-वर जाऊ लागतो, दोन चेंडूंच्या मध्ये मूल हात झटकते. त्या क्षणी पिचर बदलायला हवा, मग स्कोअर काहीही असो.

यावरचा सर्वांत भरवशाचा उपाय म्हणजे टाकलेले चेंडू मोजणे. अमेरिकेतील मुलांच्या लिटल लीगने २००७ पासून इनिंगऐवजी चेंडूंची मर्यादा लागू केली. तिथल्याच ‘पिच स्मार्ट’ या बेसबॉलसाठीच्या मार्गदर्शक सूचनांनुसार ११-१२ वर्षांच्या पिचरने एका दिवसात जास्तीत जास्त ८५, तर १३-१४ वर्षांच्या पिचरने ९५ चेंडू टाकावेत. ९ ते १४ वर्षांच्या मुलाने ६६ किंवा अधिक चेंडू टाकले, तर पुढे ४ दिवस पिचिंग नाही. वर्षातून किमान ४ महिने चेंडूफेक बंद, त्यांतले २ ते ३ सलग, आणि एकाच सामन्यात पिचर व कॅचर (फलंदाजामागे बसून चेंडू झेलणारा) या दोन्ही जागा एकाला द्यायच्या नाहीत, असेही त्यांत म्हटले आहे.

नागपुरात हे पाळताना खरी अडचण आकड्यांची नसते, वेळापत्रकाची असते. शालेय स्पर्धा जिल्हा, विभाग, राज्य अशा पायऱ्यांनी पुढे सरकतात आणि बऱ्याचदा सामने थोड्याच दिवसांत आटोपले जातात. ज्या मुलाचा हात चालतो तोच शाळेच्या संघाला हवा असतो, मंडळालाही तोच हवा असतो, आणि संध्याकाळी वस्तीतल्या क्रिकेटमध्ये वेगवान गोलंदाजीही तोच करतो. प्रत्येक संघाच्या वहीत त्याचे चेंडू मर्यादेत दिसतात. बेरीज मात्र कुणीच करत नाही. त्यामुळे नोंद संघाच्या नावाने न ठेवता मुलाच्या नावाने ठेवावी, आणि ती वही त्याच्या घरी असावी. सामन्यापूर्वीच्या सरावाचे आणि क्रिकेटचे चेंडूही तीत धरावेत, कारण खांद्याला स्पर्धा आणि सराव यांतला फरक कळत नाही. खेळाडूंना परीक्षेत मिळणारे सवलतीचे गुण आणि सरकारी नोकरीतील ५ टक्के आरक्षण यांमुळे पालक प्रमाणपत्राच्या ओढीने दुखण्याकडे काणाडोळा करतात. त्यांची काळजी समजण्यासारखी आहे, पण १३ वर्षांच्या मुलाचे कोपर त्या हिशेबात वापरू नये.

दुसरा प्रश्न उन्हाचा. मे महिन्यात शहराचा पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि उन्हाळी शिबिरेही नेमकी तेव्हाच भरतात. शरीराला उष्णतेची सवय व्हायला साधारण १० ते १४ दिवस लागतात, म्हणून पहिल्या आठवड्यात सराव कमी वेळ, पहाटे आणि हलका ठेवावा. मुखवटा, छातीरक्षक आणि पायरक्षक चढवून उकिडवा बसणारा कॅचर सर्वांत आधी तापतो. त्याला दर इनिंगनंतर सावली आणि पाणी मिळायलाच हवे. मीठ-गूळ घातलेले पन्हे किंवा आंबील इथे घरोघरी होते आणि मैदानावरही उपयोगी पडते. चक्कर, उलटी किंवा बोलण्यात गोंधळ दिसला तर खेळ तिथेच थांबवून अंग थंड करणे आणि रुग्णालय गाठणे भाग आहे.

कौशल्याच्या बाबतीत १२ वर्षांपर्यंत प्रत्येक मुलाला सर्व जागांवर खेळवणे हितकारक ठरते. वळणारे चेंडू सरळ चेंडूवर ताबा आल्यावरच शिकवावेत. पिचिंगचा वेग हाताइतकाच पाय, कंबर आणि पोटाच्या स्नायूंतून येतो, त्यामुळे खो-खो आणि कबड्डी खेळलेली मुले इथे लवकर रुळतात. स्लाइड, म्हणजे धावत येऊन बेसकडे जमिनीवरून घसरत जाणे, आधी ओल्या गवतावर, पायात बूट न घालता शिकवावी. नागपूरच्या कडक मुरुमावर पहिलीच स्लाइड मारायला लावली की मुलाच्या मनात कायमची भीती बसते.