ऑइल गळणारी गाडी आणि ऑइल खाणारी गाडी: जुनी कार घेताना दोन्ही एक समजू नका

बारा-चौदा वर्षं जुनी पेट्रोल गाडी बघायला गेलं की मालक बऱ्याचदा स्वतःच सांगतो, "अधूनमधून थोडं ऑइल टाकावं लागतं, बाकी काही प्रॉब्लेम नाही." तो खरंही बोलत असेल, पण ऑइल कमी होण्याची कारणं दोन असतात, एकतर ते बाहेर गळतंय नाहीतर इंजिन ते आतल्या आत जाळतंय, आणि डिपस्टिकवर (ऑइल मोजायची पट्टी) दोन्हीत लेव्हल सारखीच खाली गेलेली दिसते. गळणारी गाडी भाव पाडून खुशाल घ्या. खाणाऱ्या गाडीचा हिशोब वेगळा आहे.

गळतीचं बहुतेक वेळा असं असतं की रबर आणि पॅकिंग वयाने आणि गरमीने कडक होतात. टॅपेट कव्हरचं (इंजिनच्या वरचं झाकण) पॅकिंग, खाली ऑइल चेंबरचं पॅकिंग, फिल्टरची रिंग, ड्रेन बोल्टचा वॉशर, ही सगळी छोटी कामं. फक्त क्रँकचं मागचं ऑइल सील गेलं असेल तर सील स्वस्त असूनही गिअरबॉक्स उतरवावा लागतो म्हणजे मजुरी वाढते, क्लचही संपत आला असेल तर दोन्ही कामं एकदमच करून घ्यायची. शक्य असेल तर रात्रभर गाडीखाली पुठ्ठा ठेवायला सांगा, सकाळी डाग कुठे पडलाय ते कळतं. एसीचं पाणीही खाली ठिबकतं, ते स्वच्छ असतं, त्याला घाबरू नका. आणि इंजिन धुऊन चकाचक केलं असेल तर गळती दिसणारच नाही, अशा वेळी गाडी नीट वीस-पंचवीस किलोमीटर फिरवून मग परत बोनेट उघडा.

आता खाणारी गाडी. इथे ऑइल पिस्टनच्या झिजलेल्या रिंगांवरून किंवा व्हॉल्व्ह सीलमधून आत जाऊन पेट्रोलबरोबर जळतं आणि सायलेन्सरमधून निळसर धूर येतो (थंडीत सकाळी पांढरी वाफ दिसते ती फक्त पाण्याची असते, दोन मिनिटांत जाते). निळा धूर कधी येतो ते बघणं महत्त्वाचं आहे. रात्रभर उभी गाडी स्टार्ट केल्यावर एकदाच भसकन आला आणि थांबला, किंवा कात्रजच्या जुन्या घाटासारखा उतार एक्सलेटर सोडून गिअरवर उतरलात आणि खाली येऊन परत एक्सलेटर दाबल्यावर आला, तर संशय व्हॉल्व्ह सीलवर, त्याचं काम इंजिन पूर्ण न खोलता होऊ शकतं. पण लोडवर, चढावर दाबल्यावर सतत येत राहिला तर रिंगा गेल्यात, म्हणजे इंजिन खोलायचं, रिंग-पिस्टन आणि कदाचित बोअरिंगसुद्धा (झिजलेला सिलिंडर आतून कापून सारखा करणं), आणि दीड लाखाच्या गाडीत हा खर्च झेपत नाही हो! म्हणून बघायला जाताना मालकाला आधीच सांगा की गाडी स्टार्ट करू नका, पोचल्यावर बोनेटला हात लावून इंजिन थंड आहे ना ते बघा.

खरा घोळ मधल्या केसमध्ये होतो. टॅपेट कव्हरमधून गळलेलं ऑइल तापलेल्या एक्झॉस्टवर पडलं की धूर येतो, जळका वासही येतो, आणि लोक म्हणतात इंजिन गेलं. तो धूर बोनेटखालून येतो, सायलेन्सरमधून नाही, गाडी चांगली असू शकते, फक्त पॅकिंग लगेच बदला कारण आग लागायचा धोका असतो. याच्या उलट केस जास्त वाईट. रिंगा गेलेलं इंजिन बॅक कॉम्प्रेशन मारतं, म्हणजे जळलेला गॅस रिंगांवरून खाली उतरतो, आतलं प्रेशर वाढतं आणि तेच ऑइलला सीलमधून बाहेर ढकलतं, म्हणजे दिसते गळती पण रोग आतला. अशा गाडीला कितीही वेळा पॅकिंग बदला, थोड्या दिवसांत परत ओली. (इंजिनच्या आतलं प्रेशर बाहेर काढणारा पीसीव्ही व्हॉल्व्ह चोक झाला तरी असंच होतं आणि तो स्वस्तात बदलतो, म्हणून आधी तो चेक करायला सांगा.) इंजिन चालू ठेवून ऑइल भरायचं झाकण जपून सैल करा, थोडी वाफ चालते, पण भकाभका धूर बाहेर फेकत असेल तर सावध व्हा.

शंका राहिलीच तर टोकन द्यायच्या आधी आपल्या ओळखीच्या मेकॅनिककडून कॉम्प्रेशन टेस्ट (प्रत्येक सिलिंडर किती प्रेशर धरतो ते मोजणं) करून घ्या, विकणाऱ्याच्या मेकॅनिककडून नको. रीडिंग कमी आलं तर त्या सिलिंडरमध्ये थोडं ऑइल टाकून परत घ्यायला सांगा, रीडिंग वाढलं तर रिंगा, नाही वाढलं तर बहुतेक व्हॉल्व्हची बाजू. आत कुठलं ऑइल भरलंय तेही विचारा, कारण ५डब्ल्यू-३० सारखं पातळ ऑइल लागणाऱ्या इंजिनमध्ये २०डब्ल्यू-५० सारखं जाड ऑइल टाकून धूर काही दिवस दाबता येतो.

आणि गाडी २०११ ची असेल तर २०२६ मध्ये १५ वर्षं पूर्ण होऊन आरसी रिन्यूअल, फिटनेस आणि ग्रीन टॅक्स येतोच. भाव करताना पॅकिंगच्या खर्चासोबत हेही मालकासमोर मांडा.