इतर उत्पन्न (तंत्रज्ञान कंपन्यांच्या नफ्यातील)

मुख्य व्यवसायाबाहेरचे व्याज, लाभांश, गुंतवणूक विकून झालेला नफा आणि न विकताच वाढलेल्या तिच्या मूल्याची नोंद हे सारे नफा-तोटा पत्रकात बहुधा ‘इतर उत्पन्न’ या ओळीत येते. सॉफ्टवेअर कंपन्यांना यंत्रसामग्रीवर फारसा खर्च नसतो. साठलेली रोकड ठेवी, रोखे आणि म्युच्युअल फंडांत जाते. त्यामुळे पर्सिस्टंट, केपीआयटी, झेनसार, क्विक हील या पुण्यात मुख्यालय असलेल्या कंपन्यांचे तिमाही निकाल वाचतानाही आधी ही ओळ पाहावी लागते.

१ एप्रिल २०१६पासून टप्प्याटप्प्याने लागू झालेल्या ‘इंड एएस १०९’ या लेखामानकानुसार म्युच्युअल फंडाचे युनिट बाजारभावाने मांडायचे आणि फरक थेट नफ्यात घ्यायचा असतो. दीर्घकाळासाठी घेतलेल्या शेअरांचा फरक मात्र ‘इतर सर्वसमावेशक उत्पन्ना’त (निव्वळ नफ्याच्या खाली वेगळ्या दाखवल्या जाणाऱ्या भागात) नेण्याची मुभा आहे; मग शेअर विकले तरी तो नफ्यात येत नाही. कोणत्या कंपनीने कोणता पर्याय घेतला हे न पाहता केलेली तुलना फुकट जाते.

अमेरिकेतले ठळक उदाहरण ॲमेझॉनचे. २०२१च्या शेवटच्या तिमाहीत तिचा नफा १४.३ अब्ज डॉलर होता, पण रिव्हियन या वाहन कंपनीतील हिश्श्याचे मूल्य वाढल्याने करपूर्व ११.८ अब्जांची भर त्यात पडली होती. पुढच्याच तिमाहीत त्याच हिश्श्याने ७.६ अब्जांचा फटका दिला आणि ३.८ अब्जांचा तोटा दिसला. गोदामांत एवढे काही घडलेले नव्हते.

नुसते इतर उत्पन्न वजा करून थांबणे हीही चूकच, आणि ती जाणकारही करतात. समजा, करपूर्व नफा १२० कोटी, त्यातले ४० कोटी ६०० कोटींच्या गुंतवणुकीवरचे; कर २५ टक्के आणि कंपनीच्या सर्व शेअरांचे बाजारमूल्य १,८०० कोटी. वरवर पी/ई (बाजारमूल्य भागिले निव्वळ नफा) २०. इतर उत्पन्न काढले की निव्वळ नफा ९० वरून ६० कोटींवर येतो आणि पी/ई ३० दिसतो. पण नफ्यातून व्याज काढले, तर किमतीतून मुद्दलही काढायला हवे: १,२०० भागिले ६०, म्हणजे पुन्हा २०. शेअर महाग नव्हताच.

न विकता नोंदवलेला नफा रोकड प्रवाह पत्रकात कामकाजाच्या रकमेतून वजा केलेला असतो. तो आकडा तिथे थेट सापडतो.