इअरबड्स पेअरिंग : दुसऱ्या ब्रँडच्या फोनशी

एका कंपनीचे बिनतारी इअरबड्स दुसऱ्या कंपनीच्या फोनला ब्लूटूथवरून जोडायचे आणि ती ओळख दोन्ही उपकरणांच्या स्मृतीत टिकून राहील अशी साठवायची, या क्रियेला रोजच्या बोलण्यात पेअर करणे किंवा पेअरिंग म्हणतात. एअरपॉड्स वनप्लसच्या फोनला, गॅलेक्सी बड्स रेडमीला किंवा बोट या कंपनीचे बड्स आयफोनला जोडणे ही तिची नेहमीची उदाहरणे. आपल्या घरांत अशा मिश्र जोड्या सहज तयार होतात. फोन दिवाळीच्या सेलमध्ये घेतलेला असतो, बड्स भाऊबीजेला मिळालेले असतात, आणि मुलाने नवा फोन घेतला की त्याचा जुना फोन आईकडे जातो.

फोनच्याच कंपनीचे बड्स घ्या, नाहीतर चालणार नाहीत, असा सल्ला दुकानात पुष्कळदा ऐकू येतो. तो चुकीचा आहे. गाणे ऐकणे, आलेला फोन घेणे, आवाज कमीजास्त करणे, पुढच्या गाण्यावर जाणे ही कामे कोणत्याही जोडीत होतात, कारण त्यांचे नियम ब्लूटूथच्या सामायिक प्रमाणकात लिहिलेले आहेत आणि ते सर्व उत्पादकांना सारखेच लागू आहेत. कंपनीगणिक बदलतात त्या या पायावर चढवलेल्या सोयी. त्यांपैकी कोणत्या सोयी आपण खरोखर वापरतो, एवढे पाहिले की खरेदीचा प्रश्न बराच सुटतो.

ब्लूटूथचा पाया : स्वीडनमधील लुंड येथे एरिक्सन कंपनीत १९९४ च्या सुमारास या तंत्राचे काम सुरू झाले. याप हार्टसेन आणि स्वेन मॅटिसन हे त्यातील प्रमुख अभियंते. एकट्याने हे तंत्र रुजणार नाही हे ओळखून एरिक्सनने इतरांना सोबत घेतले आणि १९९८ मध्ये एरिक्सन, नोकिया, इंटेल, आयबीएम व तोशिबा या पाच कंपन्यांनी मिळून ब्लूटूथ स्पेशल इंटरेस्ट ग्रुप स्थापन केला. इंटेलच्या जिम कार्डाक यांनी दहाव्या शतकातील डेन्मार्कचा राजा हाराल्ड ब्लूटूथ याचे नाव तात्पुरते म्हणून सुचवले आणि तेच कायम झाले. बोधचिन्हातही त्याच्याच आद्याक्षरांच्या दोन प्राचीन रून लिपीतील खुणा एकत्र गुंफल्या आहेत. विखुरलेल्या टोळ्या एका छत्राखाली आणणाऱ्या राजाचे नाव या कामाला शोभतेच. आज कोणतेही बड्स कोणत्याही फोनला लागतात ते स्पर्धक कंपन्यांच्या त्या वेळच्या शहाणपणामुळे.

संदेश २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यातून जातात. याच पट्ट्यात वायफाय चालते आणि मायक्रोवेव्ह ओव्हनही तिथेच गडबड करतो. म्हणून नेहमीचे ब्लूटूथ ७९ वाहिन्यांवर सेकंदाला १,६०० वेळा उड्या मारत राहते. एक वाहिनी गजबजलेली निघाली तर पुढच्याच क्षणी दुसरी. संध्याकाळच्या खच्चून भरलेल्या लोकलमध्ये गाणे तुटू लागते तेव्हा दोष बहुधा ब्रँडच्या जोडीचा नसतो. आसपासची असंख्य उपकरणे त्याच पट्ट्यात बोलत असतात. शिवाय माणसाचे शरीर, मुख्यतः त्यातील पाणी, या लहरी शोषून घेते. फोन मागच्या खिशातून काढून शर्टाच्या खिशात ठेवला तरी फरक पडतो.

पेअरिंगची क्रिया : प्रत्येक ब्लूटूथ उपकरणाला ४८ बिटांचा पत्ता असतो. त्याच्या पहिल्या अर्ध्या भागावरून उत्पादकाचा माग लागतो, म्हणजे समोरचे बड्स कोणाचे हे फोनला कळू शकते. पण पेअरिंगचा नियम त्याची चौकशी करत नाही. बड्स पेअरिंग मोडमध्ये गेले की आपण उपलब्ध असल्याचे जाहीर करतात, फोन शोध घेतो आणि नाव पडद्यावर येते. त्यावर बोट ठेवताच दोघे गणिती देवाणघेवाणीतून एक गुप्त किल्ली तयार करतात. ती हवेतून कधीच पाठवली जात नाही. दोन्ही बाजू ती आपापली काढतात आणि जपून ठेवतात. पुढच्या वेळी डबी उघडताच आपोआप जोडणी होते ती या किल्लीमुळे. २००७ च्या ब्लूटूथ २.१ पूर्वी यासाठी ०००० किंवा १२३४ असा आकडा टाकावा लागे. बड्सना पडदा नाही आणि कळफलकही नाही, त्यामुळे आता आकडा न विचारताच काम होते. या सोपेपणात एक उणीव राहते : समोरचे उपकरण खरोखर आपलेच आहे याची वेगळी खातरजमा होत नाही. पहिली जोडणी म्हणूनच गर्दीत न करता घरी करावी.

लोक अडखळतात ते नेमके पहिल्या पायरीवर. आपल्याच ब्रँडच्या फोनजवळ डबी उघडली की पडद्यावर बड्सचे चित्र आणि जोडणीचे बटण उमटते. ॲपलने ही सोय २०१६ मध्ये पहिल्या एअरपॉड्सबरोबर आणली. २०१७ मध्ये गूगलने अँड्रॉइडसाठी फास्ट पेअर आणले. ते अनेक कंपन्यांच्या बड्समध्ये असते आणि अँड्रॉइड ६ पासून पुढे चालते. दुसऱ्या घराण्याच्या फोनवर हे चित्र उमटत नाही, आणि माणसाला वाटते की बड्स चालतच नाहीत. प्रत्यक्षात ती खिडकी केवळ आमंत्रणासारखी आहे. आमंत्रण आले नाही तरी दार उघडेच असते. आपण जाऊन कडी काढायची.

त्यासाठी बड्स डबीत ठेवावेत, झाकण उघडे ठेवावे आणि डबीवरचे बटण दिवा लुकलुकेपर्यंत दाबून धरावे. एअरपॉड्सच्या बहुतेक डब्यांना हे बटण मागच्या बाजूला असते आणि दिवा पांढरा लुकलुकतो. एअरपॉड्स ४ च्या डबीला बटण नाही, तिच्या पुढच्या बाजूवर दोनदा टिचकी मारायची. काही बड्समध्ये दोन्ही टचपॅड एकदम दाबून धरावे लागतात. मग फोनच्या ब्लूटूथ सेटिंगमध्ये नवीन डिव्हाइस पेअर करण्याचा पर्याय उघडायचा. क्वचित यादीत एकाच बड्सची दोन नावे दिसतात आणि एकाच्या आधी एलई (लो एनर्जी, म्हणजे कमी विजेवर चालणारे ब्लूटूथ) ही अक्षरे असतात. ते नाव बहुधा कंपनीच्या ॲपच्या कामाचे असते, दुसरे निवडावे.

नाव यादीत दिसलेच नाही, तर आधी घरातली इतर उपकरणे तपासावीत. बड्स शेवटच्या ओळखीच्या उपकरणाकडे धाव घेतात. टेबलावरचा लॅपटॉप किंवा जुना फोन त्यांना केव्हाच जोडून बसलेला असतो आणि आपण नव्या फोनवर शोध घेत राहतो. तिथले ब्लूटूथ बंद केले की काम होते. दुसरी नेहमीची अडचण एकतर्फी विसरण्याची. बड्स रीसेट केले पण फोनमधील जुनी नोंद तशीच राहिली, तर फोन जुनी किल्ली पुढे करतो आणि बड्स ती ओळखत नाहीत. अशा वेळी फोनमधूनही नोंद पुसून टाकावी आणि दोघांची ओळख नव्याने करून द्यावी. एकाच कानात आवाज येतो ही तक्रार मात्र फोनच्या ब्रँडशी क्वचितच संबंधित असते. नेहमीच्या ब्लूटूथला समोर एकच हेडफोन दिसतो. डाव्या-उजव्या बड्सनी आपसात आवाज कसा वाटून घ्यायचा हे प्रमाणकात नव्हतेच, म्हणून प्रत्येक उत्पादकाने आपापली युक्ती काढली. दोन्ही बड्स डबीत नीट बसवून रीसेट केले की त्यांचा आपसातला धागा बहुधा पुन्हा जुळतो.

आवाजाची बोली : ध्वनी हवेतून पाठवण्यापूर्वी आकुंचित करावा लागतो. ही पद्धत म्हणजे कोडेक. मालवणी माणूस घरी मालवणी बोलतो, अकोल्याचा वऱ्हाडी. दोघे पुण्यात भेटले की दोघांना येणारी मराठी बोलतात. फोन आणि बड्स यांचेही तसेच चालते. एसबीसी ही सर्वांना यावीच लागणारी बोली आहे. संगीत ऐकवणाऱ्या प्रत्येक ब्लूटूथ उपकरणाला ती बंधनकारक आहे. त्यापलीकडे आयफोन एएसी बोलतो. सोनीची एलडॅक सेकंदाला ९९० किलोबिटपर्यंत जाते, आणि २०१७ च्या अँड्रॉइड ८ पासून ती इतर कंपन्यांच्या फोनवरही आली. ॲप्टएक्स ही क्वालकॉम या चिप बनवणाऱ्या कंपनीची. सॅमसंगची स्वतःची बोली गॅलेक्सी फोन आणि गॅलेक्सी बड्स एकत्र असतानाच कामी येते. जोडणीच्या क्षणी दोघे आपापल्या बोली सांगतात आणि दोघांना येणारी एक ठरते. एलडॅकचे महागडे बड्स आयफोनला लावले तर एलडॅक निरुपयोगी ठरते आणि संवाद एएसीवर येतो.

याने किती बिघडते? शांत खोलीत तंबोऱ्याच्या जवारीचा नाद कान देऊन ऐकणाऱ्याला फरक जाणवू शकतो. स्वारगेटहून निघालेल्या बसमध्ये एएसी आणि एलडॅक यांतला फरक इंजिनाच्या आवाजाखाली दबून जातो. चांगले एसबीसी ३२८ किलोबिटच्या आसपास चालते आणि बहुतेकांना ते पुरते. बड्स कानात नीट बसणे याहून कितीतरी महत्त्वाचे. आवाज खरोखर खालावतो तो फोनवर बोलताना. माइक सुरू झाला की जोडणी संगीताच्या मार्गावरून संभाषणाच्या मार्गावर जाते, तिथे आवाज एकपदरी (मोनो) होतो आणि ध्वनीचे नमुने सेकंदाला सहसा आठ किंवा सोळा हजारच घेतले जातात. ऑनलाइन बैठकीत आवाज डब्यातून आल्यासारखा वाटतो तो यामुळे, आणि एकाच ब्रँडच्या जोडीतही हे घडते.

हातून निसटणाऱ्या सोयी : एअरपॉड्स अँड्रॉइड फोनला लावले की आवाज उत्तम येतो, दांडी दाबून गाणे थांबवता येते, गोंगाट कमी करण्याची सोयही चालते. बड कानातून काढल्यावर गाणे आपोआप थांबणे, डोके वळवले तरी ध्वनीची दिशा कायम राहणे, ॲपलच्या सर्व उपकरणांत ओळख आपोआप पोचणे या गोष्टी मात्र जातात. सर्वांत मोठे नुकसान फर्मवेअरचे, म्हणजे बड्सच्या आत चालणाऱ्या सॉफ्टवेअरचे आहे, कारण एअरपॉड्सचे अपडेट ॲपलच्याच उपकरणाकडून येतात. अँड्रॉइडच वापरणाऱ्याने अधूनमधून कोणाच्या तरी आयफोनला ते जोडून ठेवावेत. गॅलेक्सी बड्ससाठी सॅमसंगचे वेअरेबल ॲप इतर अँड्रॉइड फोनवरही मिळते. सोनी, जेबीएल, नथिंग यांची ॲप्स दोन्हीकडे आहेत, म्हणून मिश्र घरांसाठी असे बड्स घेणे शहाणपणाचे.

बॅटरीच्या टक्केवारीची गोष्ट आवर्जून सांगण्यासारखी आहे. संभाषणाच्या मार्गावरून बड्सची बॅटरी कळवण्याची आज्ञा मुळात ॲपलने आयफोनसाठी जोडली. ती सोपी आणि जाहीर असल्यामुळे इतर उत्पादकांनी उचलली, अँड्रॉइडनेही ती समजून घेतली. दार थोडे उघडे ठेवले की शेजाऱ्यांचेही भले होते, याचा हा चांगला दाखला. नेहमी असे स्वखुशीने घडत नाही. १९ मार्च २०२५ रोजी युरोपीय आयोगाने ॲपलला आदेश दिला की, जवळ आणताच होणारे पेअरिंग आणि उपकरणांमध्ये आवाज आपोआप वळवणे या सोयी युरोपीय संघात इतर कंपन्यांच्या उपकरणांनाही खुल्या कराव्यात.

श्रवणयंत्रे : एका वर्गासाठी हा प्रश्न सोयीच्या पलीकडचा आहे. ऐकू कमी येणाऱ्या माणसाला फोनवरचे बोलणे थेट श्रवणयंत्रात यायला हवे असते. ब्लूटूथची संगीताची जुनी रीत यंत्राची इवलीशी बॅटरी लवकर संपवते, म्हणून ॲपलने आयफोनसाठी वेगळी पद्धत काढली आणि नंतर गूगलने अँड्रॉइडसाठी दुसरी. मुलीने आजोबांना नवा फोन घेऊन दिला आणि तो दुसऱ्या घराण्याचा निघाला, तर हजारो रुपयांचे यंत्र फोनपुरते मुके होऊ शकते. २०१४ मध्ये युरोपातील श्रवणयंत्र उत्पादकांची संघटना ब्लूटूथच्या संस्थेसोबत या कामाला लागली आणि त्यातून एलई ऑडिओ हे ब्लूटूथचे नवे ध्वनितंत्र आले. जानेवारी २०२० मध्ये त्याची घोषणा झाली आणि जुलै २०२२ मध्ये त्याची प्रमाणके पूर्ण झाली. त्यात एलसी३ हा कमी वीज खाणारा सामायिक कोडेक आहे आणि डाव्या-उजव्या कानाला दोन स्वतंत्र प्रवाह मिळतात, त्यामुळे इअरबड्सचीही जुनी अडचण सुटते. मात्र त्यासाठी फोन आणि यंत्र दोघांनाही एलई ऑडिओ यावे लागते. श्रवणयंत्र घेताना घरातला फोन सोबत न्यावा आणि पैसे देण्यापूर्वी दुकानातच त्याच्याशी जोडून एक फोन लावून पाहावा.